निरोगी धरलेला तुकडा

उपग्रहाला नाक नसतं, हे त्याचं भाग्यच म्हणायचं. दर पाच दिवसांनी तो कचराडेपोच्या डोंगरावरून जातो, फोटो काढतो आणि रुमाल वगैरे न लावता पुढे निघून जातो. खाली राहणाऱ्यांना ती सोय नव्हती. डोंगर त्यांच्या उशालाच होता, आणि वास तर घरातल्या माणसासारखा कायमचा मुक्कामाला.

घार याच वस्तीत वाढली. तिचे बाबा एकतीस वर्षं डेपोवर डोझर चालवायचे. शाळेत तिच्या दप्तराला वास येतो म्हणून बाकावर शेजारी कुणी बसत नसे, आणि हे तिने घरी कधीच सांगितलं नाही. पुढे ती शिकली आणि दूरसंवेदन कार्यालयात लागली. उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचं दुखणं ओळखायचं, हे तिचं काम. तेव्हापासून बाबा तिला घार म्हणू लागले. "वरून बघते, हिच्या नजरेतून काही सुटत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. अशा वेळी ती लाजायची, पण "बाबा, पुरे" असं तिने एकदाही म्हटलं नाही. पुढे सगळं इथूनच बिघडलं.

काम तसं समजायला सोपं आहे. झाडाचं पान डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश परत फेकतं. झाड ठणठणीत असेल तर भरपूर फेकतं, आजारी असेल तर कमी. डेपोतलं काळं पाणी जमिनीत झिरपलं की झाडं पिवळी पडायच्या कितीतरी आधी हा फरक चित्रात उमटतो. पण आजारी ठरवायचं तर निरोगी कोण, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी जवळपासचा एक चांगला तुकडा निवडतात. माती तीच, ऊन तेच, पण कचऱ्याचा स्पर्श नाही, असा. त्याला म्हणायचं संदर्भ-तुकडा. बाकी सगळी जमीन त्या तुकड्याशी ताडून बघायची. जो त्याच्या बरोबरीचा तो हिरवा, जो उणा पडेल तो पिवळा, फारच उणा तो लाल.

तीन वर्षांपूर्वी या डेपोचं काम घारीकडे आलं तेव्हा तिने संदर्भ-तुकडा निवडायला पाच मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. डोंगराच्या पायथ्यापासून चारशे मीटरवर, नाल्याच्या अलीकडे, बाबांची बाग होती. चाळीस मीटर बाय पन्नास मीटर. चित्रातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर, म्हणजे बाग अवघ्या वीस ठिपक्यांची. पण काय बाग! आजूबाजूचं गवत करपायचं तेव्हाही तिथे पालक गुडघ्याला लागायचा, आणि भोपळे एवढे की उचलायला दोघं लागायची. तुकडा निवडल्यावर तिथे जाऊन खड्डा खणायचा, माती तपासायची, विहीर असली तर पाणी तपासायचं आणि मग अर्ज भरायचा, असा नियम आहे. अर्जात 'प्रत्यक्ष पाहणी' असा रकाना होता. घारीने लिहिलं, 'केली'. ते तिला खोटं वाटलं नाही. त्या बागेत ती रांगली होती, तिथल्या विहिरीचं पाणी पिऊन वाढली होती. याहून प्रत्यक्ष पाहणी ती कसली असायची!

पहिला नकाशा झाला त्या रविवारी ती घरी गेली आणि बाबांना तिने ही बातमी दिली. बाबा बागेतल्या आपल्या खुर्चीवर बसले होते. खुर्ची म्हणजे भंगारात निघालेल्या डोझरची सीट. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती मागून घेतली होती.

"म्हणजे माझ्या बागेवरून सरकार बाकीची जमीन मोजणार?"

"हो बाबा. तुमची बाग म्हणजे शंभर मार्क."

म्हातारा जागचा हलला नाही, पण त्याचे कान लाल झाले. जन्मभर 'कचरेवाला' म्हणून घेतलेल्या माणसाला कुणीतरी शंभर मार्क दिले होते, तेही आकाशातून. आठवड्याभरात ही गोष्ट वस्तीभर झाली.

नकाशाची एक प्रत वस्तीच्या दवाखान्याबाहेर लागली. बाबांच्या बागेकडची पट्टी हिरवीगार, आणि नाल्यापलीकडची सगळी घरं पिवळ्यात. पिवळा बघून लोक आपल्या पंपाचं पाणी प्यायला घाबरू लागले. नाल्यापलीकडची शिवणकाम करणारी बाई त्या वेळी पोटुशी होती. ती आपल्या दारातला हातपंप सोडून रोज दोन कॅन घेऊन बाबांच्या विहिरीवर येऊ लागली, आणि तिचं बघून गल्लीतली आणखी आठ-दहा घरं. बाबांनी कुणाला नाही म्हटलं नाही. उलट विहिरीला नवा दोर आणला, कठड्याला चुना लावला. शिवणवालीने त्यांच्या दोन सदऱ्यांच्या कॉलरी उलटवून दिल्या. पुढे तिला मुलगा झाला आणि दोन महिन्यांचा होऊन गेला. कुणी म्हणालं हृदय, कुणी म्हणालं नशीब. ती मात्र पाण्याला येतच राहिली.

प्रयोगशाळेचा माणूस वर्षातून एकदा नमुने घ्यायला यायचा. खांद्यावर कायम बाटल्यांची पेटी, म्हणून सगळे त्याला बाटलीच म्हणत. त्याच्याकडे वर्षाला चौदा बाटल्या. नकाशा पिवळा असेल तिथल्या पंपांवर त्या भरायच्या, हिरव्यावर बाटली वाया घालवायची नाही. तीन वर्षांत बेचाळीस बाटल्या भरल्या आणि बेचाळीसही निर्दोष निघाल्या. कार्यालयाने निर्धास्त होऊन लिहिलं, डेपोतून गळती नाही. पिवळेपणाचं कारण म्हणून घारीने स्वतःच एक ओळ घातली होती: 'जमीन मुळात हलकी, शिवाय धूळ.'

त्या सोमवारी सकाळी कार्यालयात नवे संगणक आले. घारीने सवयीने ताजं चित्र उघडलं आणि तिला ते ओळखूच येईना. नव्या यंत्रात तिचा संदर्भ-तुकडा अजून भरलेला नव्हता. कशाशीही न ताडलेलं, कोरं चित्र समोर होतं. पावसाळा संपून पाच महिने झाले होते, त्यामुळे सगळा परिसर फिका होता. जसा असायला हवा तसाच. नाल्यापलीकडची घरंही तशीच फिकी, त्यांना काही झालेलं नव्हतं. पण डोंगराच्या कोपऱ्यापासून एक जीभ बाहेर आली होती. मुळाशी करपलेली, आणि पुढे पुढे हिरवी, नको इतकी हिरवी. जिथे कुणी थेंबभर पाणी घालत नाही त्या पडीक जागेतून ती सरळ नाल्याकडे उतरत होती. तिच्या टोकाला, सगळ्यात हिरवे, वीस ठिपके होते.

कचऱ्याच्या पाण्यात नत्र असतं. मुळाशी ते झाडाला जाळतं, पण लांब जाऊन पातळ झालं की खतासारखं लागू पडतं. हे ती नव्या लोकांना शिकवायची. पुस्तकातलं वाक्य तिला पाठ होतं, आणि ते आपल्या बापाच्या भोपळ्यांना लागू पडेल हे तीन वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. तिने आजाऱ्यालाच निरोगी धरलं होतं, आणि धडधाकट जमिनीला त्याच्याशी ताडून पिवळं ठरवलं होतं.

मग तिला बाळाची आठवण झाली.

बाबांजवळच राहणाऱ्या धाकट्या भावाची मुलगी अडीच महिन्यांची होती. भावजयीला दूध पुरत नव्हतं म्हणून वरचं चालू होतं. गेल्या गुरुवारी भावजय फोनवर म्हणाली होती की पोरगी रडली की ओठ निळसर दिसतात, डॉक्टर हृदयाची तपासणी करू म्हणतात. घारीने तेव्हा "काळजी करू नकोस" म्हटलं होतं. आता तिने फोन लावला.

"अगं, बाळाचं दूध कुठल्या पाण्यात करतेस?"

"आपल्या विहिरीच्याच. का हो ताई?"

"आत्ताच्या आत्ता बंद कर. एक थेंब देऊ नकोस."

"अहो पण मी चांगलं वीस मिनिटं उकळते. तुम्हीच नाही का सांगितलं होतं, तान्ह्या बाळाचं पाणी भरपूर उकळावं म्हणून?"

उकळल्याने जंतू मरतात. नत्राचं हे विष, नायट्रेट, मरत नाही, पाणी आटतं तसं उलट दाट होतं, आणि तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही.

"ऐक. तिला घे आणि मोठ्या दवाखान्यात जा. हृदयाचं नंतर बघू म्हणावं. आधी रक्त तपासा, विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट गेलंय पोटात, असंच सांग. मी डॉक्टरांशी बोलते. निघ, दार उघडं राहिलं तरी चालेल."

दुपारी दवाखान्यात बाळाचं रक्त काढलं तेव्हा ते लाल नव्हतं, चॉकलेटी होतं. डॉक्टरीणबाईंनी शिरेतून निळं औषध दिलं. अर्ध्या-पाऊण तासात पोरीच्या ओठांना रंग आला आणि तिने असं भोकाड पसरलं की वॉर्डातल्या बायका हसल्या. भावजय हसली नाही. तिने घारीकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

त्याच दिवशी तीन वाजता घार बाटलीला घेऊन विहिरीवर पोहोचली. बाबा दवाखान्यातून नुकतेच परतले होते आणि आपल्या सीटवर न बसता बाजूला उभे होते. बाटलीने पाणी काढलं, त्यात कागदाची एक पट्टी बुडवली आणि घड्याळ लावलं. मिनिटभरात पट्टी आधी गुलाबी आणि मग गडद जांभळी झाली. डबीवर छापलेल्या रंगांमध्ये त्याच्या पुढचा रंग नव्हता.

"मॅडम, ही पट्टी इथेच संपते," बाटली हळूच म्हणाला. "पक्का आकडा उद्या देतो." मग त्याने पेटी बंद केली आणि उगाचच पुन्हा उघडून बघितली. "तीन वर्षं इथून पाणी पिऊन मी पलीकडे बाटल्या भरायला जात होतो."

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "तो कोपरा, जिथून येतंय म्हणतेस, तो मला माहीत आहे."

घारीने वळून त्यांच्याकडे बघितलं.

"डेपो सुरू झाला तेव्हा घाण पाणी झिरपू नये म्हणून खाली काळं अस्तर अंथरायचं होतं. सगळीकडे अंथरलं, त्या कोपऱ्यापुरतं कमी पडलं. गाड्यांची रांग लागली होती. सुपरवायझर म्हणाला, ढकल. मी ढकललं. पहिला ढीग माझ्याच हातचा आहे."

"बाबा, हे कधी बोलला नाहीत!"

"कुणी विचारलं का? आणि तुझा नकाशा आला तेव्हा मला वाटलं, सुटलो. एवढं वरून बघून हिरवं म्हणतात, म्हणजे आपण ढकललं त्याचं काही झालं नाही." ते खाली बसले, मातीतच. "तुझ्यावर विश्वास टाकला गं, कारण मला तो टाकायचाच होता."

घारही त्यांच्याजवळ बसली. तिला ओक्साबोक्शी रडायचं होतं, पण रडण्यावर आपला हक्क नाही असं वाटून तिने ते गिळलं. बाबा मात्र रडले. एकतीस वर्षं डोझरचे दांडे ओढून राठ झालेले हात त्यांनी तोंडावर धरले होते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा आकडा आला. ठीक म्हणतात त्याच्या साडेचार पट. कार्यालयातल्या मोठ्या मॅडमनी तो दोनदा वाचला आणि दार लोटून घेतलं. बाई दुष्ट नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे. विहीर बंद करायचा आदेश त्यांनी तिथल्या तिथे काढला, वस्तीला पाण्याचा टँकर सुरू करवला. मग म्हणाल्या, "आता संदर्भ-तुकडा बदला. पुढच्या नकाशात दुरुस्ती आपोआप येईल."

"आणि मागचे नऊ नकाशे?"

"ते झाले ना आता. चुकीचा निरोगी तुकडा घेतला असं लिहिलंत तर बाकीच्या सगळ्या डेपोंचे नकाशे लोक उकरतील. पहिला प्रश्न तुम्हाला येईल, पाहणी केली होती का? काय सांगणार आहात?" त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमचंच मूल वाचलं ना? देवाची कृपा समजा. तोंडाने सांगायचं ते सांगा वस्तीत. कागदावर काही देऊ नका."

घार "बरं" म्हणून बाहेर आली. पण जागेवर बसल्यावर तिने मागची सगळी कोरी चित्रं एकेक करून उघडली. जीभ प्रत्येकात होती. पहिल्या वर्षी जरा आखूड, पण वीस ठिपक्यांपर्यंत तेव्हाच पोहोचलेली. त्यातलं एक चित्र दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतलं होतं. तिने त्याची तारीख बघितली. शिवणवालीचं बाळ त्याच थंडीत गेलं होतं. मग तिने ते छापून घेतलं.

दुपारी बापलेक वस्तीत निघाले. दारोदारी जायचं हे बाबांनीच ठरवलं होतं. "मीच मिरवलं, आता मीच सांगतो," एवढंच म्हणाले. प्रत्येक दारात ते टोपी काढून उभे राहत आणि एकच वाक्य बोलत, "माझ्या विहिरीचं पाणी वाईट आहे, पिऊ नका, तुमच्या पंपाचं चांगलं आहे." कुणी शिव्या घातल्या, कुणी पाणी विचारलं आणि मग स्वतःच ओशाळलं. एका म्हाताऱ्याला ते पटेचना. "अरे, तुझी तर शंभर मार्कांची विहीर!" म्हणून तो हसत सुटला, आणि बाबांनी आपलं वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

शिवणवालीचं दार त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तसं दोघांनी बोलून ठरवलं नव्हतं.

ती मशीनवर होती. पायाखालची फळी थांबवून तिने बाबांचं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं. खोली एवढीशी. एका बाजूला शिवायचे कपडे, दुसऱ्या बाजूला भरलेले दोन कॅन. खिडकीत लहान मुलाचं एक अंगडं घडी घालून ठेवलं होतं, पिवळ्या फुलांचं. ती बघत होती बाबांकडे, पण विचारलं तिने घारीला.

"कधीपासून आहे हे त्या पाण्यात?"

"माहीत नाही" म्हणायची सोय होती. ते खोटंही ठरलं नसतं. त्या थंडीत त्या विहिरीची बाटली कुणी भरलीच नव्हती.

"तेव्हाचं पाणी तपासलेलं नाही," घार म्हणाली. "चित्र आहे." तिने घडी उलगडून कागद मशीनवर ठेवला आणि जिभेवरून बोट फिरवत नेलं. "ही बाबांची विहीर. आणि ही तारीख."

शिवणवाली तारखेकडे बघत राहिली. ओठ हलत होते, ती दिवस मोजत होती.

"तो निळा पडायचा," ती म्हणाली. "रडला की."

"माझी भाचीही."

"ती?"

"वाचली. काल." घारीने कागदावरचं बोट उचललं. "तुमचं बाळ त्यानेच गेलं, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण ती विहीर तपासायला हवी होती. माझ्या नकाशामुळे तपासली नाही. मी बागेत जाऊन खड्डा खणायला हवा होता, तो न खणता खणल्यासारखं लिहिलं. चूक माझी आहे."

बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्या बाईने हात वर केला. ती चिडेल, कागद फाडेल, हाकलून देईल, अशी घारीच्या मनाने तयारी केली होती. तसं झालं असतं तर घारीला ते सोपं गेलं असतं.

"घरात सगळे म्हणाले, माझं दूध कमी पडलं म्हणून गेला," ती म्हणाली. "सासूबाई अजून म्हणतात. नवरा बोलत नाही, पण त्यालाही तेच वाटतं. मलाही वाटायचं. दोन वर्षं वाटतंय." तिने मशीनखालून एक खडू काढला, परत ठेवला, आणि खणातून पेन शोधून काढलं. "हे तुम्ही आत्ता बोललात ना, ते मला लिहून द्या. आज सगळे जेवायला बसले की वाचून दाखवायचं आहे."

घारीला मोठ्या मॅडमचं लोटलेलं दार आठवलं. तिने बाबांकडे बघितलं. ते टोपी हातात धरून उभे होते आणि काहीच सुचवत नव्हते.

शिवणवालीने मशीनवरचं कापड बाजूला सारून जागा केली. घारीने चित्र पालथं घातलं, त्याच्या कोऱ्या पाठीवर आधी आपलं पूर्ण नाव लिहिलं, खाली हुद्दा लिहिला, आणि मग पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.